पुण्याहून अंदमान, सात दिवसांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंदमानला मी तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा आई-बाबांना घेऊन, नंतर आम्ही दोघंच, आणि तिसऱ्यांदा बहिणीच्या कुटुंबाबरोबर, दोन चळवळ्या मुलांसकट. तेव्हापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत कुणी ना कुणी गाठतं आणि तेच ते प्रश्न विचारतं. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. पुण्या-मुंबईहून जाणारा, साधारण मध्यम खर्चात सहल बसवणारा माणूस डोळ्यासमोर ठेवला आहे.

एका आठवड्यासाठी अंदमानच का? लक्षद्वीप, मालदीव का नाही?

लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना काढावा लागतो. राहायच्या जागा मोजक्या आणि पोहोचायचं ते मुख्यतः कोचीवरून. परवाना, तिकीट आणि खोली या तिघांच्या तारखा जुळवता जुळवता उत्साह मावळतो. मालदीवला मुंबईहून थेट जाता येतं, भारतीयांना व्हिसासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. पण तिथला मुक्काम बहुधा एका बेटावरच्या एका रिसॉर्टमध्ये. दोघांना झकास, सहा जणांच्या घराला मात्र खिशाला चाट आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा. अंदमानात समुद्राबरोबर जंगल आहे, इतिहास आहे, टपरीवरचा चहा आहे आणि सगळीकडे हिंदी चालते.

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील ही नावं बदलली ना? तिकिटावर वेगळंच काहीतरी दिसतंय.

हो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरजवळच्या रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. विमानतळ वीर सावरकरांच्या नावाचा आहे. रिक्षावाल्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे अजून जुनीच नावं घेतात, म्हणून मीही इथे तीच वापरतो. बोटीच्या तिकिटावर "स्वराज द्वीप" दिसलं तर घाबरून एजंटला फोन लावू नका.

सात दिवस पुरतात का?

तीन ठिकाणांसाठी पुरतात: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील. त्यात दिगलीपूर घुसवायचा मोह होतो, कारण रॉस-स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जुळी बेटं फोटोत फार देखणी दिसतात. पण दिगलीपूर पोर्ट ब्लेअरपासून रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर. जाऊन येऊन दोन दिवस गाडीत. पुढच्या खेपेला ठेवा.

पुण्याहून निघालात तर पहिला आणि शेवटचा दिवस प्रवासात जातो हे आधीच मान्य करा. म्हणजे हातात खरे दिवस पाच.

मग ते पाच दिवस कसे वाटायचे?

मी सांगतो ते असं: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या तीन हॅवलॉक, एक नील, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. बरेच पॅकेजवाले पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवतात आणि हॅवलॉकला एकच देतात. त्यांना ते सोयीचं, तुम्हाला नाही. दुपारी बोटीतून उतरायचं, खोली मिळेपर्यंत लॉबीत बसायचं, सूर्यास्ताला धावत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बॅग घेऊन धक्क्यावर. याला हॅवलॉक पाहणं म्हणत नाहीत.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. इथे मी कुणाचंच ऐकत नाही. "सकाळच्या बोटीने नीलहून येऊ आणि दुपारचं विमान पकडू" हा हिशेब कागदावर बरोबर बसतो, पण समुद्र कागद वाचत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. एवढं दर वर्षी होत नाही, पण वाऱ्यामुळे एखादी फेरी रद्द होणं नवलाचं नाही. बोट रद्द झाली तर तिचे पैसे परत मिळतात. चुकलेल्या विमानाचे बोटवाला देत नाही.

कधी जावं?

डिसेंबरअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत. त्यातही माझी आवड फेब्रुवारी-मार्च: समुद्र शांत, पाणी नितळ, आणि नाताळची गर्दी ओसरलेली.

आपल्याकडे पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, हे गणित तिथे चालत नाही. नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोहोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. बातम्यांमध्ये "मान्सून अंदमानात दाखल" असं आपण दर वर्षी वाचतो आणि सुखावतो, तो हाच. म्हणजे मुलांच्या उन्हाळी सुट्टीत जायचं तर एप्रिलमध्ये उरका, मेच्या शेवटच्या आठवड्याचं तिकीट काढू नका. दिवाळीची सुट्टीही जरा जुगारच: ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे दिवस. आठवडाभर ऊन मिळालेले लोकही मला भेटलेत आणि आठवडाभर खोलीत पत्ते कुटलेलेही.

विमान कसं घ्यावं?

चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादमार्गे. चेन्नईहून पुढे सव्वादोन तास. कधी मुंबईहून थेट विमान असतं, कधी नसतं. तारीख टाकून बघा. दोन गोष्टी सांभाळा. एक, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं विमान रखडलं तर पुढची जबाबदारी कंपनीची. दोन, पोर्ट ब्लेअरला दुपारी बारा-एकपर्यंत उतरणारं विमान निवडा. कारण तिथे अंधार लवकर पडतो.

जहाजानेही जाता येतं, चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून. समुद्रात तीनेक दिवस लागतात. आठवड्याच्या सहलीत ते बसत नाही.

लवकर म्हणजे किती लवकर?

डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, पण अंदमान पुण्याच्या इतकं पूर्वेला आहे की सूर्य सव्वा तास आधी उगवतो आणि सव्वा तास आधी मावळतो. हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं आणि तरी सगळे फसतात. आम्ही पहिल्या वेळी दुपारी जेवून, जरा आडवे होऊन, चहा घेऊन सव्वाचारला हॅवलॉकच्या धक्क्याजवळून राधानगरच्या किनाऱ्याकडे निघालो. दहा-बारा किलोमीटरचा रस्ता, मध्ये शहाळं. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा लोक पायाची वाळू झटकत परत फिरत होते आणि सुरक्षारक्षक शिट्टी मारून पाण्यातल्यांना बाहेर काढत होता. बाबा म्हणाले, "एवढ्या लांब येऊन शिट्टी ऐकायची होती तर सारसबागेत गेलो असतो."

उपाय एकच. तिथे पोहोचलात की दिवस दीड तास आधी सुरू करा. पाचला उठा, साडेसहाला बाहेर पडा, बाराला जेवा, तीनला संध्याकाळ समजा. रात्री नऊला झोप येते आणि तीच बरोबर आहे.

आधी काय बुक करायचं, हॉटेल की बोट?

विमान, मग बोट, मग हॉटेल. बहुतेक जण उलटं करतात. हॉटेलची तारीख इकडची तिकडे होते. बोटीची सोयीची वेळ गेली की गेली. नाताळ ते प्रजासत्ताक दिन या काळात सकाळच्या फेऱ्या फार आधी भरतात.

खासगी बोटी म्हणजे मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन, आयटीटी मॅजेस्टिक वगैरे. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड-दोन तास, हॅवलॉक ते नील तासभर. सरकारी बोट फिनिक्स बेच्या धक्क्यावरून सुटते. ती स्वस्त आणि संथ, तिच्या डेकवर उभं राहता येतं, वारा खाता येतो. खासगी बोटी बहुधा बंदिस्त आणि वातानुकूलित, खिडकीची काच मिठाने धुरकटलेली. मला सरकारी आवडते, पण तिचं तिकीट मिळणं पर्यटकाला अवघड जातं, म्हणून तिच्या भरवशावर सहल आखू नका.

धक्क्यावर फोटो असलेलं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचंही. पाऊण-एक तास आधी जा.

मला एसटीसुद्धा लागते. बोट लागेल का?

फेब्रुवारीत कदाचित लागणार नाही, जूनमध्ये नक्की लागेल. डॉक्टरांना विचारून अ‍ॅव्होमिनसारखी गोळी बरोबर ठेवा आणि ती निघायच्या तासभर आधी घ्या. लाटा सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. खालच्या मजल्यावर, मधोमध बसा, तिथे हेलकावा कमी. फोनमध्ये डोकं घालू नका, लांब क्षितिजाकडे बघा. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि पुरी-भाजी चापूनही जाऊ नका; दोन इडल्या पुरे. आई आलेपाकाच्या वड्या घेऊन गेली होती. आमच्या रांगेतली चार अनोळखी माणसं त्या वड्यांवर हॅवलॉकला सुखरूप पोहोचली.

सेल्युलर जेलला किती वेळ ठेवावा? मुलं कंटाळतील का?

निदान अडीच तास, शिवाय संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम. मराठी माणूस तिथे सावरकरांची कोठडी बघायला जातो. सातव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची अगदी टोकाची ती कोठडी. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानात उतरले आणि १९२१ मध्ये त्यांना तिथून हलवलं. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते.

पण कोठडीकडे धावण्याआधी मधल्या मनोऱ्यावर चढा. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधलेली ही इमारत वरून बघितली की तिचा हेतू कळतो. मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघायच्या, आणि प्रत्येकीचं तोंड शेजारणीच्या पाठीकडे. म्हणजे कोठडीच्या दारात उभ्या कैद्याला समोर फक्त भिंत दिसायची, दुसरा माणूस नाही. कोठडीही साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, हवेसाठी एक झरोका, तोही जमिनीपासून तीन मीटरवर. सातांपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. कडीचा अडसर दारात नाही, लांब बाजूच्या भिंतीत आहे, आतून हात पोहोचू नये म्हणून. माझ्या भाच्याने गजांतून हात घालून तो गाठायचा प्रयत्न केला, बोटांना भिंत लागली, कडी नाही. नंतर तो बराच वेळ गप्प होता. तेव्हा कंटाळतील का, तर कोलू (कैद्यांना ओढायला लावायचे तो तेलाचा घाणा) आणि कडी दाखवा, नाही कंटाळणार.

राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी आणि दुपारी जेवणाच्या वेळी जेल बंद असतं. साप्ताहिक सुट्टीचा वार हॉटेलवाल्याकडून पक्का करा. कार्यक्रमाचा हिंदी खेळ लवकर भरतो.

पोहता येत नाही. स्कूबा करता येईल का?

येईल. पहिल्या डाइव्हला पोहता यावं लागत नाही. वय दहा वर्षांपुढे, आणि आरोग्याचा फॉर्म खरा भरायचा. दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया लपवू नका. सर्दी झाली असेल तर सरळ पुढे ढकला, कारण खाली जाताना नाक दाबून कानात हवा सारावी लागते आणि चोंदलेल्या नाकाने ती सरत नाही. कान असे ठणकतात की मासे कोण बघतो.

सगळी गंमत पहिल्या दहा मिनिटांत असते. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवतात, तोंडात नळी, नाक मास्कमध्ये बंद, आणि सांगतात, आता तोंडानेच श्वास घ्या. मेंदू म्हणतो, मरशील. दहाव्या-बाराव्या श्वासाला तो गप्प बसतो. खाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवतात, आणि इथे आपली माणसं हमखास चुकतात: वर केलेला अंगठा म्हणजे "मस्त" नव्हे, "मला वर न्या". मस्तसाठी अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. माझ्या मेव्हण्याने खूश होऊन अंगठा दाखवला आणि प्रशिक्षकाने त्याला इमानेइतबारे वर आणून सोडलं. पुन्हा खाली जायला त्याला पाच मिनिटं हुज्जत घालावी लागली.

मिशीवाल्यांनो, मास्कमध्ये ओठावरून पाणी झिरपतं. थोडं व्हॅसलीन लावा, किंवा मिशीचा त्याग करा.

डाइव्ह केल्यावर निदान अठरा तास विमानात बसू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ द्यावा लागतो. म्हणून स्कूबा हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी, सहलीच्या शेवटी नको. वर सांगितलेल्या आखणीत हे आपोआप बसतं.

स्नॉर्केलिंग कुठे करावं?

हॅवलॉकचा एलिफंट बीच, सकाळची पहिली बोट पकडून. दहानंतर तिथे जत्रा भरते. जंगलातून चालत जायची वाटही आहे. पाऊस पडून गेला असेल तर चिखल घोट्यापर्यंत. स्नॉर्केल करताना पोहण्याचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. आपण पालथे तरंगतो, पाणी गार लागतं, आणि पोटऱ्यांचा मागचा भाग भाजून निघतो. हे रात्री पांघरूण लागल्यावर कळतं. आणि पाय प्रवाळावर टेकवू नका. तो दगड नाही, जिवंत आहे. आधीच २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून तिथला बराच प्रवाळ पांढरा पडला होता.

भरती-ओहोटी बघून जावं असं सांगतात. खरंच फरक पडतो का?

जमीन-अस्मानाचा. हॅवलॉकचे पाच नंबर वगैरे पूर्वेकडचे किनारे, जिथे बरीचशी हॉटेलं आहेत, ओहोटीला इतके आत जातात की पोहायला पाणीच राहत नाही, नुसते खडक आणि खेकडे. उलट नीलवरचा लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल, ज्याला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, ओहोटीलाच नीट बघता येतो. भरतीला तिथवर जायची वाटच पाण्याखाली.

कोकणातल्या मंडळींना सवय असते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानात वापरू नका. भरतीची वेळ जागेप्रमाणे बदलते. इंटरनेटवर पोर्ट ब्लेअरचा तक्ता मिळतो तो बघा. मात्र अमावास्या-पौर्णिमेला उधाण हे तिथेही खरं. तारखा हातात असतील तर मी अमावास्येच्या आसपास जाईन: ओहोटी खोल लागते आणि काळोख्या रात्री हॅवलॉकला खारफुटीत कयाक घेऊन गेलं की वल्ह्याबरोबर पाणी निळसर चमकतं. चांदण्यात त्यातलं काही दिसत नाही.

मगरींचं काय?

आहेत. खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. एप्रिल २०१० मध्ये राधानगरच्या एका टोकाला स्नॉर्केल करणाऱ्या अमेरिकन तरुणीचा मगरीने बळी घेतला. तेव्हापासून फलक आहेत, जाळ्या आहेत, रक्षक आहेत. नियम सोपा: खाडीचं तोंड आणि खारफुटी यांपासून लांब, नेमून दिलेल्या पट्ट्यातच पाण्यात, अंधार पडायच्या आत बाहेर. शिट्टीवाल्याशी वाद घालू नका. प्रत्यक्षात तुम्हाला छळणार त्या वाळूतल्या चिलटांसारख्या माश्या. चटई टाकून बसा आणि खाजवू नका.

बाराटांगच्या चुनखडी गुहा चुकवू नका म्हणतात.

मी चुकवल्या, आणि सांगतो का. तिकडचा रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे गाड्यांची रांग लावतात आणि पोलीस बंदोबस्तात ताफा सोडतात. वाटेत थांबायला, फोटो काढायला, खायला द्यायला कायद्याने बंदी आहे, मूळ कायदा १९५६ चा. पुढे तराफा, मग खारफुटीतून छोटी बोट, मग गुहा. बोटीचा भाग सुंदर आहे असं जाऊन आलेले सगळे सांगतात. पण गाडीत बसलेल्या निम्म्या लोकांचं लक्ष गुहेकडे नसतं, "दिसले का, दिसले का" याकडे असतं. माणसं बघायला रांग लावायची ही गोष्ट मला पटत नाही. १९९९ मध्ये या लोकांत गोवराची साथ आली होती; बाहेरच्यांचा साधा आजार त्यांना झेपत नाही. जायचंच असेल तर काचा वर, फोन खिशात.

परवाना लागतो का? निकोबार, सेंटिनेल, ज्वालामुखी बघता येतो का?

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलला भारतीयांना परवाना नको. निकोबार सहलीला खुलं नाही. सेंटिनेल हे बाहेरच्यांशी संपर्क न ठेवणाऱ्या आदिवासींचं बेट, त्याच्या जवळही जाता येत नाही, आणि विमानाच्या खिडकीतून दिसतं का हे विचारणं थांबवा. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी, भारतातला एकमेव जागता, बोटीतून लांबून दाखवतात. उतरू देत नाहीत. आठवड्याच्या सहलीत मी त्यावर दिवस घालवणार नाही.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात.

न्या. राधानगरची वाळू घट्ट आणि सपाट आहे, चालायला बरी. रॉस बेटावर बॅटरीवरच्या गाड्या आहेत. त्रासाच्या जागा दोन: जेलचे जिने आणि बोटीत चढा-उतरायची हलती फळी. फळीवर मदतीला माणसं असतात, हात द्यायला लाजू नका. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. बेटांवर आरोग्य केंद्र, तेवढंच. नेहमीच्या गोळ्या दहा दिवसांच्या घ्या, आणि त्या चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, भरपूर. बेटांवर पूर्व बंगालातून आलेली बरीच कुटुंबं आहेत, शिवाय तमिळ आणि तेलुगू लोक, त्यामुळे डोसाही आहे आणि डाळ-भातही. नीलवर तर भाजीचे मळेच आहेत. तिथल्या गावांची नावं सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. बाबांनी विचारलं, शत्रुघ्नाने काय घोडं मारलं होतं? मासे खाणाऱ्यांनी हॉटेलपेक्षा बाजारातल्या खाणावळीत खावं. चिवडा आणि भाकरवडी न्याच. पाचला उठणाऱ्या माणसाला सहाला भूक लागते आणि नाश्ता साडेसातला सुरू होतो.

फोन, इंटरनेट, पैसे?

२०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून पूर्वीचे हाल संपले. तरी बेटांवर नेट मधूनच गायब होतं, आणि त्याबरोबर क्यूआर कोडही. रोख ठेवा, नीलला जाण्याआधी तर नक्कीच. बोटीची तिकिटं फोनवर अवलंबून ठेवू नका, कागदावर छापून घ्या.

खर्च किती?

मध्यम हॉटेल, खासगी बोटी, एक स्कूबा धरून माझा अंदाज माणशी पंचेचाळीस ते साठ हजार. यातला मोठा वाटा विमानाचा, आणि तोच सगळ्यात लवचीक: मार्चमधल्या मंगळवारी आणि २६ डिसेंबरला एकच भाडं नसतं. बोटीच्या तीन फेऱ्यांचे माणशी चार-सहा हजार. हॅवलॉकला गाडीऐवजी स्कूटर भाड्याने घेतली की बरेच वाचतात, परवाना मूळ लागतो.

पॅकेज घ्यावं की स्वतः करावं?

मोठा गट किंवा पहिल्यांदाच विमानात बसणारे असतील तर पॅकेज घ्या. मात्र तीन गोष्टी लेखी मागा: बोटीचं नाव आणि वेळ, हॉटेलचं नाव, आणि शेवटची रात्र कुठे. "अमुक किंवा तत्सम हॉटेल" यातल्या "तत्सम"वर आमची पहिली सहल गेली. एका एजंटने समुद्र दिसणारी खोली दिली होती. समुद्र दिसायचा, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की.

दोघं-चौघं असाल तर स्वतःच करा. चार बुकिंगं आहेत, चंद्रावर जायचं नाही.

सामानात काय विसरू नये?

मागे पट्टा असलेल्या फ्लोटर चपला, पाणी न शिरणारी एक पिशवी, टोपी, टॉर्च. जीन्स नको, वाळत नाही. चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची बरी. धक्क्याच्या फळ्यांवर चाकं अडकतात. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय उडवता येत नाही.

तिथून काय आणावं?

पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी दुकानातून लाकडी किंवा शिंपल्याच्या वस्तू, पावतीसकट. पावती महत्त्वाची. किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळाचे तुकडे उचलून आणायला मनाई आहे आणि विमानतळावर बॅगा तपासताना ते बरोब्बर सापडतात. आमच्या भाचीने राधानगरवरून एक तुकडा खिशात घातला होता, कुणालाच माहीत नव्हतं. तपासणीच्या टेबलावर तो निघाला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी. तपासणाऱ्या बाईंनी तो शांतपणे घेतला आणि शेजारच्या खोक्यात टाकला. खोकं काठोकाठ भरलेलं होतं.